कंपाउंड मायटर सॉ

कंपाउंड मायटर सॉ हे लाकूड, प्लायवूड, एमडीएफ आणि योग्य पाते लावल्यास ॲल्युमिनियमचे सेक्शन ठरावीक कोनात आडवे कापण्यासाठी वापरले जाणारे विजेवर चालणारे यंत्र आहे. या यंत्रात वर्तुळाकार पाते एका बिजागरीच्या भुजेवर बसवलेले असते आणि ते वरून खाली आणून काप घेतला जातो. दरवाजे-खिडक्यांच्या चौकटी, छायाचित्रांच्या चौकटी, बीडिंग पट्ट्या, स्कर्टिंग आणि कॉर्निस यांचे सांधे जुळवण्यासाठी हे यंत्र प्रामुख्याने उपयोगात येते.

दोन तुकड्यांची टोके सारख्या कोनात कापून जो तिरका सांधा जुळवतात त्याला मायटर सांधा म्हणतात. पाते केवळ आडव्या पातळीत डावी-उजवीकडे वळत असेल तर त्या यंत्राला साधा मायटर सॉ म्हणतात. पाते त्याशिवाय उभ्या पातळीतही कलते होत असेल, तर दोन्ही कोन एकाच कापात मिळतात. म्हणून त्या यंत्राला कंपाउंड, म्हणजे संयुक्त, असे विशेषण लागते. पाते रुळांवर पुढे-मागे सरकणाऱ्या प्रकाराला स्लायडिंग कंपाउंड मायटर सॉ म्हणतात. त्यावर अधिक रुंद फळी कापता येते.

पार्श्वभूमी

हे यंत्र येण्यापूर्वी तिरके काप मायटर बॉक्स आणि हातकरवतीने घेतले जात. मायटर बॉक्स म्हणजे वरून व दोन्ही टोकांना उघडी असलेली लाकडी पेटी. तिच्या समोरासमोरील भिंतींना ४५ व ९० अंशांच्या खाचा असतात आणि करवत त्या खाचांतून चालते.

महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून धरणे आणि पात्यालगत अंगठा ठेवून कापाची सुरुवात करणे ही भारतीय सुतारकामाची जुनी पद्धत आहे. हातकरवत हात थांबताच थांबते, म्हणून त्या कामात ही पद्धत चालते. यंत्राच्या बाबतीत मात्र तीच सवय घातक ठरते. २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ६४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. बटण सोडल्यावरही ब्रेक नसलेल्या यंत्राचे पाते काही सेकंद फिरत राहते.

रचना

यंत्राचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत :

• पाया आणि फिरते मेज : मेजावर अंशांची खूण केलेली पट्टी असते. ०, १५, २२.५, ३१.६ आणि ४५ या नेहमीच्या कोनांवर मेज आपोआप अडकावे म्हणून बहुतेक यंत्रांत खाचा असतात.
• फेन्स : मेजाच्या मागील बाजूची उभी आधारपट्टी. कापायचा तुकडा हिला टेकवून ठेवला जातो.
• पाते : सामान्यतः २१६, २५४ किंवा ३०५ मिलिमीटर व्यासाचे, कार्बाइडच्या दात्यांचे.
• रक्षक आवरण : पात्याच्या खालच्या भागावरील हे आवरण भुजा खाली येताना उघडते आणि वर जाताना आपोआप मिटते.
• शिकंजा (क्लॅम्प) : तुकडा मेजावर किंवा फेन्सवर आवळून धरणारा भाग.

पात्याचा पुढचा भाग खाली येतो आणि तळाचे दाते मागे, फेन्सच्या दिशेने जातात. त्यामुळे यंत्र तुकड्याला स्वतःच फेन्सवर दाबते. तुकडा फेन्सला नीट टेकलेला नसेल, तर हाच जोर त्याला झटक्याने मागे ओढतो आणि त्यासोबत तो धरणारा हातही पात्याकडे खेचला जाऊ शकतो. नेमका काप आणि सुरक्षित काप या दोहोंची अट त्यामुळे एकच आहे : तुकडा मेजाला आणि फेन्सला पूर्णपणे टेकलेला आणि अचल असला पाहिजे.

पात्याची निवड

मायटर सॉच्या पात्याचे दाते पुढे फारसे झुकलेले नसावेत. किंचित मागे झुकलेले, म्हणजे ऋण हुक कोनाचे दाते अधिक योग्य. पुढे अधिक झुकलेल्या दात्यांचे पाते लाकडात आपणहून घुसते आणि विशेषतः सरकत्या यंत्रात कापणाऱ्याच्या अंगावर चढून येते. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असावी आणि मधल्या छिद्राचे माप यंत्राच्या दांड्याशी तंतोतंत जुळावे.

लोखंड कापण्यासाठी वापरले जाणारे कट-ऑफ मशीन दिसायला साधारण असेच असते, परंतु त्यात अपघर्षक चकती असते. अशी चकती मायटर सॉला कधीही लावू नये. तिच्यासाठी लागणारे आवरण या यंत्राला नसते आणि ठिणग्यांमुळे साठलेला भुसा पेटू शकतो.

मांडणी

यंत्र कंबरेच्या उंचीच्या मजबूत ओट्यावर किंवा स्टँडवर बोल्टने घट्ट बसवावे. घरोघरी फर्निचरचे काम करताना यंत्र फरशीवर ठेवून उकिडवे बसून कापण्याची पद्धत सर्रास आढळते. त्या स्थितीत चेहरा पात्याच्या पातळीजवळ येतो, तोल गेल्यास सावरता येत नाही आणि तुकडा पायाने दाबण्याचा मोह होतो. लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना मेजाच्या उंचीचे आधार द्यावेत. आधार नसलेली पट्टी काप पूर्ण होण्याच्या क्षणी वाकते आणि पाते चिमटीत धरते.

कोणतेही जुळवणीचे काम किंवा पाते बदलणे प्लग काढल्याशिवाय करू नये. बहुतेक यंत्रांत पात्याच्या बोल्टचे आटे उलटे असतात, त्यामुळे तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यास सैल होतो. नंतर पुढील तपासण्या क्रमाने कराव्यात :

१. खात्रीचा गुण्या फेन्स आणि पाते यांना लावून ९० अंशांचा कोन पाहावा. गुण्या पात्याच्या सपाट भागाला टेकवावा, दात्यांना नव्हे.
२. गुण्या मेजावर उभा धरून पाते मेजाशी काटकोनात आहे का ते पाहावे.
३. फरक आढळल्यास फेन्सचे किंवा कलत्या भागाचे बोल्ट सैल करून दुरुस्ती करावी आणि मगच अंशपट्टीवरील काटा शून्यावर आणावा.
४. समांतर कडांची एक रुंद फळी कापावी. एक तुकडा उलटा करून दोन्ही कापलेली टोके एकमेकांना भिडवावीत. फट दिसल्यास ती मूळ चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे सूक्ष्म चूकही नजरेस येते.

चौकटीत चार सांधे आणि आठ काप असतात. प्रत्येक कापात एकाच बाजूला अर्ध्या अंशाची चूक राहिल्यास एकूण चूक चार अंशांची होते. १०० मिलिमीटर रुंद पट्टीच्या एकाच सांध्यात ती सर्व जमा झाल्यास सुमारे दहा मिलिमीटरची फट म्हणून दिसते.

संयुक्त काप

कॉर्निस भिंत आणि छत यांच्यामध्ये कललेली बसते. तिचा तुकडा मेजावर आडवा ठेवून कापायचा असल्यास दोन्ही कोन एकाच वेळी लावावे लागतात. भिंतींचा कोपरा ९० अंशांचा असताना, ३८ आणि ५२ अंशांत कललेल्या कॉर्निससाठी मेज ३१.६ अंशांवर आणि पात्याचा कल ३३.९ अंशांवर ठेवतात. दोन्हीकडे ४५ अंशांत कललेल्या कॉर्निससाठी हे आकडे अनुक्रमे ३५.३ आणि ३० आहेत. प्रत्यक्षात घराचे कोपरे क्वचितच नेमके ९० अंशांचे असतात; म्हणून कोपरा आधी मोजावा आणि टाकाऊ तुकड्यावर काप करून पाहावा. पाते कलते करताना ते वरच्या सरकत्या फेन्सला घासणार नाही याची यंत्र बंद असतानाच भुजा खाली आणून खात्री करावी.

सुरक्षित वापर

• हात पात्याच्या दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर अंतरावर ठेवावेत. तुकडा लहान असल्याने हात त्याहून जवळ न्यावा लागत असेल, तर शिकंजा वापरावा किंवा लांब पट्टीच्या टोकातून तो तुकडा कापून घ्यावा.
• हात एकमेकांवरून ओलांडू नयेत. पात्याच्या डावीकडील तुकडा उजव्या हाताने धरणे धोक्याचे आहे.
• वाकलेल्या पट्टीची बाहेर फुगलेली बाजू फेन्सला लावावी आणि कापाच्या रेषेत फट राहू देऊ नये.
• पाते पूर्ण वेगाने फिरू लागल्यावरच भुजा खाली आणावी. काप पूर्ण झाल्यावर बटण सोडावे, पाते थांबू द्यावे आणि मगच भुजा वर घ्यावी.
• सरकत्या यंत्रात पाते आधी स्वतःकडे ओढून, नंतर खाली दाबून, फेन्सच्या दिशेने ढकलत कापावे. ओढत कापल्यास पाते लाकडावर चढते.
• कापून सुटणारा तुकडा मोकळा असावा. मापासाठी ठोकळा लावल्यास तो धरलेल्या बाजूलाच लावावा. सुटणारा तुकडा ठोकळा आणि पाते यांच्यात अडकल्यास तो वेगाने फेकला जातो.
• रक्षक आवरण तारेने किंवा दोरीने बांधून उघडे ठेवू नये.
• सैल बाह्या, ओढणी, साडीचा पदर, गळ्यातील उपरणे, मोकळे केस आणि सैल हातमोजे टाळावेत. संरक्षक चष्मा आणि कानांसाठी आवाजरोधक वापरावा.

लाकडाची बारीक धूळ श्वासावाटे जाणे हा दीर्घकालीन धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटातील घटकांत केला. भुसा ओढून घेणारा व्हॅक्यूम जोडणे आणि धूळ गाळणारा मास्क वापरणे त्यामुळे आवश्यक ठरते.

वीज आणि किनारी हवामान

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. १,८०० वॉटचे यंत्र सुमारे ८ ॲम्पिअर प्रवाह घेते, त्यामुळे ते ६ ॲम्पिअरच्या सॉकेटला न जोडता १६ ॲम्पिअरच्या सॉकेटला जोडावे. मंडलात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडून वापरावी, अन्यथा ती तापते.

तारोडी, डोंगरी आणि उत्तन यांसारख्या मीरा-भाईंदरच्या किनारी भागात, तसेच कोकणपट्टीत इतरत्र, पावसाळ्यातील दमट आणि खारट हवेमुळे मेज, रूळ आणि शिकंजे गंजतात. गंजलेले आवरण अडकून उघडेच राहू शकते. काम संपल्यावर यंत्र पुसून कोरड्या जागी ठेवावे आणि आवरण मिटते की नाही हे दररोज तपासावे. याच हवेत लाकूड रुंदीत फुगते. पावसाळ्यात जुळवलेला मायटर सांधा उन्हाळ्यात लाकूड आकसल्यावर आतल्या कोपऱ्याकडून उघडतो. ही फट यंत्राच्या जुळवणीतील दोष नसून लाकडाच्या ओलाव्याचा परिणाम असतो.

अपघात झाल्यास

यंत्र बंद करून जखमेवर स्वच्छ कापडाने सतत दाब द्यावा, हात उंच धरावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोट तुटल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून बंद प्लास्टिक पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फात किंवा पाण्यात ठेवू नये. त्यामुळे पेशींना इजा होते आणि तो पुन्हा जोडण्याची शक्यता कमी होते.

कायदेशीर तरतुदी

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण घालणे बंधनकारक केले, तर कलम २३ ने पुरेशा प्रशिक्षणाशिवाय किंवा देखरेखीशिवाय अल्पवयीन कामगारास धोकादायक यंत्रावर काम देण्यास मनाई केली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत या अधिनियमाचा विषय समाविष्ट करण्यात आला. तथापि मूळ अधिनियमात वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी किमान १० कामगारांची अट होती. दोन-तीन साथीदारांसह घरोघरी काम करणारे सुतार त्या व्याख्येबाहेर राहिले, त्यामुळे त्यांची सुरक्षितता मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षणावर आणि यंत्राच्या मांडणीवर अवलंबून राहिली.

हे सुद्धा पहा

• करवत
• सुतारकाम
• बारा बलुतेदार