स्तनकर्करोगावरील प्रारण चिकित्सा

स्तनातील मारक अर्बुदाच्या कोशिका उच्च ऊर्जेच्या प्रारणाने नष्ट करण्याची उपचारपद्धती. बहुधा ती शस्त्रक्रियेनंतर योजतात. अर्बुद काढल्यावरही स्तनाच्या उरलेल्या भागात, छातीच्या भित्तीत किंवा काखेतील लसीका ग्रंथींत डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्ककोशिका राहिलेल्या असू शकतात. त्यांचा नाश करणे हा हिचा मुख्य हेतू होय.

प्रारणामुळे कोशिकेतील डीएनए रेणूचे धागे तुटतात. निरोगी कोशिका ही हानी बऱ्याच अंशी भरून काढतात, कर्ककोशिकांना ते तितकेसे साधत नाही. म्हणून ‘ग्रे’ या एककात मोजलेली मात्रा एकदम न देता रोज थोडी याप्रमाणे देतात.

रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लावला. १९२० नंतर लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी रेडियमच्या सुया वापरून स्तन राखण्याचे प्रयत्न केले; परंतु स्तनासह छातीचे स्नायूही काढण्याची हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया तेव्हा इतकी रूढ होती, की त्या प्रयत्नांकडे फारसे कोणी वळले नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर व इटलीत व्हेरोनेझी यांनी केलेल्या चाचण्यांचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ गाठ किंवा स्तनाचा काही भाग काढून प्रारण दिलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. फिशर यांच्या पाहणीत गाठ काढून प्रारण न दिलेल्यांपैकी सु. ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग उलटला. प्रारण दिलेल्यांत हे प्रमाण सु. १४ टक्के होते.

महाराष्ट्रात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. कोबाल्ट-६० वापरणारे ‘भाभाट्रॉन’ हे यंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले. मोठ्या रुग्णालयांत आता मुख्यतः रेखीय वेगवर्धक वापरतात.

उपचाराचा कालावधी हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. गोंदियालगतच्या कुडवा येथील स्त्रीला नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात उपचार घ्यावयाचे झाल्यास लोहमार्गाने सु. १३० किमी. अंतर पडते. पाच आठवडे, पंचवीस बैठका, सोबतीला घरचे कोणी आणि धानाची रोवणी तोंडावर, अशा अडचणीत पुष्कळ जणी स्तन काढून टाकणेच पत्करतात किंवा उपचार अर्धवट सोडतात. स्तन काढल्याने प्रारण टळतेच असेही नाही. चार किंवा अधिक लसीका ग्रंथींत रोग पसरला असल्यास ते सामान्यतः द्यावेच लागते. म्हणूनच ब्रिटनमधील चाचण्यांचे मोल मोठे आहे. तेथे प्रथम तीन आठवड्यांत पंधरा बैठकांत ४० ग्रे मात्रा पुरेशी ठरली. पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत एका आठवड्यात पाच बैठकांत दिलेली २६ ग्रे मात्रा रोग रोखण्यात तिच्याहून कमी ठरली नाही. मात्र ही लघुपद्धती प्रत्येक रुग्णास लागू पडते असे नाही.

त्वचा लाल होणे व थकवा हे नेहमीचे परिणाम काही आठवड्यांत ओसरतात. काखेवर प्रारण दिल्यास हात सुजू शकतो. डाव्या स्तनाच्या उपचारात हृदय जपण्यासाठी रुग्णास दीर्घ श्वास घेऊन तो रोखण्यास सांगतात. गर्भारपणी ही चिकित्सा सामान्यतः प्रसूतीनंतरपर्यंत पुढे ढकलतात. बाहेरून दिलेल्या प्रारणाने रुग्णाचे शरीर किरणोत्सर्गी होत नाही. घरी परतलेल्या आईने मुलाला जवळ घेण्यास कोणतीही आडकाठी नसते.