रात्री सरळ उभी केलेली बस सकाळी एका बाजूला का कलते?

एसी स्लीपर बस सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली, की प्रवाशांना पाटा तुटल्याची शंका येते. पण अशा अनेक बसना पाट्यांऐवजी हवेचे रबरी फुगे असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘बलून’ म्हणतात. कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला लेव्हलिंग व्हॉल्व्ह ती बलूनमध्ये सोडतो किंवा बाहेर काढतो.

रात्रभरात सगळीच बस थोडी खाली आली तर ते फार गंभीर नाही. एकच कोपरा बसला तर बहुधा तिथेच गळती असते. बलूनच्या घडीवर, पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात. टाकी भरूनही बस वाकडीच राहिली तर आधी व्हॉल्व्हची दांडी वाकली किंवा निसटली आहे का, ते बघायला हवं. अनेकदा हे न बघताच महागडा बलून बदलला जातो.

मात्र नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या बसखाली कोणीही शिरू नये. दांडी हलली किंवा बलून फुटला तर चासी क्षणात खाली येते आणि माणूस चिरडतो. नुसता जॅकही पुरेसा नाही, चासीखाली भक्कम स्टँड हवेतच.

ब्रेकलाही याच कॉम्प्रेसरची हवा लागते. त्यामुळे मीटरवर पुरेसं प्रेशर दिसेपर्यंत बस जागची हलवू नये, प्रवाशांनी कितीही घाई केली तरी.