भरताखालची आग

धरणगाव म्हटलं की मराठी वाचकाला बालकवी आठवतात. 1890 साली त्यांचा जन्म या गावी झाला, हे शाळेपासून आपल्याला पाठ आहे. मला मात्र या गावाची ओढ लागली ती कपाशीमुळे, आणि कपाशीची ओढ लागली ती वांग्याच्या भरतामुळे. हिवाळ्यात जळगाव-धरणगाव रस्त्याने संध्याकाळी निघालं आणि एखाद्या शेतातून धूर दिसला, की तिथे काय चाललंय हे खानदेशात कुणाला विचारावं लागत नाही. गेली कित्येक वर्षं मी तो धूर दिसला की थांबतो.

भरताबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. लेवा पाटलांच्या पंगती, आसोदा-बामणोदची पांढऱ्या रेघांची हिरवी वांगी, सोबत कळण्याची पुरी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2016 साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. 2018च्या डिसेंबरात शेफ विष्णू मनोहरांनी जळगावात विक्रमी भरीत रांधलं, त्याचे फोटो सगळीकडे झळकले. या सगळ्यात बोललं जातं ते वांग्याबद्दल. ते ज्यावर भाजतात त्या कपाशीच्या काड्यांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते भरताची निम्मी चव तिथेच आहे.

हिवाळ्यात जळगाव आणि आसपासच्या गावांत भरीत केंद्रं दिसतात. पत्र्याची शेड, बाहेर भट्टी, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भाव किलोवर. यांचा मालक एक नाही, पाट्याही वेगवेगळ्या, तरी एकाच साखळीच्या शाखा वाटाव्यात इतकी ती सारखी. शहरी माणूस टेबलावरच्या शेगडीसाठी ज्या बार्बेक्यू हॉटेलात जातो, तिथलं एका ताटाचं बिल आणि इथलं अख्ख्या घराचं बिल शेजारी ठेवून बघावं. हे स्वस्त का पडतं, याचं उत्तर भट्टीपाशी उभं राहिलं की मिळतं. वांगं हंगामात मुबलक असतं. जळण शेतातलंच, कापूस वेचून झाल्यावर उरलेलं. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, तेल. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. या भरतात टोमॅटो घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त ते जे करतात ते दुसरं काहीतरी असतं.

कपाशीची काडी वाळली की झपकन पेटते. लोळ मोठा उठतो आणि लवकर बसतो. लाकडासारखी ती तासभर धगधगत नाही, म्हणून भाजणाऱ्याला उसंत नसते. एक जण काड्या सारत राहतो, दुसरा वांगी फिरवतो. साल जळून कोळसा होते आणि आतला गर स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो. लाकूडजातीच्या कुठल्याही जळणात लिग्निन असतं. ते जळताना जी द्रव्यं निघतात त्यांनी धुराचा वास येतो, आणि साल काढली तरी तो गरात राहतो. टेक्ससचे लोक ब्रिस्किटसाठी ओकचंच लाकूड हवं म्हणून अडून बसतात, त्यामागचं कारण हेच. गॅसच्या शेगडीवर वांगं शिजतं, मऊ होतं, पण हा वास त्याला कुठून येणार? पुढे बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ते ठेचतात. मिक्सरमधून काढलेल्या भरताला तार येत नाही.

आता या काड्यांचं गाव. 1674 मध्ये इंग्रजांची वखार धरणगावात होती, आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांनी ती लुटली. इथलं कापड तेव्हा नावाजलेलं होतं. 1855 साली सरकारने धरणगावात सरकी काढणारी यंत्रं बसवली. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वीच या गावाचं नशीब कपाशीला बांधलं गेलं, आणि जिथे कपाशी तिथे काड्यांचे ढीग आलेच.

2002 साली बोंडअळीला तोंड देणाऱ्या, जनुक बदललेल्या बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच खानदेशची जवळपास सगळी कपाशी बीटी झाली. त्यातलं मूळ जनुक क्राय-1-एसी. जालन्याच्या महिकोने तेच जनुक वांग्यात घातलं, शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी. ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या समितीने त्याला मंजुरी दिली आणि देशभर गदारोळ झाला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत सुनावण्या घेतल्या. त्यांतली एक नागपूरला झाली. 9 फेब्रुवारी 2010 ला त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली, ती आजही आहे. बांगलादेशाने 2013 मध्ये परवानगी दिली, आपण थांबलो. म्हणून आज खानदेशातल्या भट्टीत खाली बीटी जळतं आणि वर बिगर-बीटी भाजतं. मला ही स्थगिती योग्य वाटते. ज्या पिकाच्या इतक्या देशी जाती गावोगाव टिकून आहेत, तिथे घाई नको.

पण भरताच्या मुळाशी आलेलं खरं संकट वांग्याचं नाहीच, काडीचं आहे. 2017च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीही पोखरली. ही अळी न उमललेल्या, किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत दडून बसते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. ती बोंडं असतात काड्यांना चिकटलेली. त्यामुळे कृषी खातं दरवर्षी बजावतं: फरदड (वेचणी संपल्यावर त्याच झाडांवर लांबवलेलं पीक) घेऊ नका, कपाशी वेळेत उपटा, काड्या बांधावर रचून ठेवू नका. आता श्रेडर आलेत, ट्रॅक्टर फिरला की उभी कपाशी भुगा होऊन मातीत जाते.

आणि भरीतवाल्याला हव्या असतात नेमक्या बांधावर रचलेल्या काड्या! चातुर्मासात वांगं वर्ज्य पाळणाऱ्यांच्या घरी चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. त्या सुमाराला यंदाची कपाशी शेतात उभीच असते. भट्टीला लागतात त्या मागच्या वर्षीच्या, पावसाळा आडोशाला काढलेल्या, खडखडीत वाळलेल्या. शेतीशास्त्र ज्या ढिगाला धोका मानतं, त्याच ढिगावर हे भरीत उभं आहे.

खात्याचं म्हणणं मला मान्य आहे. बोंडअळीने ज्याचं पीक नेलं त्याला धुराच्या वासाचं कौतुक कोणी सांगू नये. तरी वाट अडलेली नाही. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या सोडा, असं शास्त्रज्ञच सांगतात, कारण त्या किडकी बोंडं खाऊन टाकतात. उरलेली बोंडं झोडून जाळली, तर मागे राहते ती नुसती काडी. ते काम शेतकरी फुकट करणार नाही, करूही नये. अशा झोडलेल्या काडीला भरीत केंद्रांनी मोळीमागे पैसे दिले, तर ताटाचा भाव थोडा वाढेल, आणि तो मी आनंदाने देईन. मी ज्या केंद्रावर नेहमी जातो तिथे सध्या कपाशीच्या काड्या कमी पडल्या की तुरीच्या लावतात. तुरीची काडी जाड, जास्त वेळ टिकते, वासही चांगला. भाजणाऱ्याचं मत विचारलं तर तो आधी कपाशीचंच नाव घेतो.