सासूबाईंची झोप का मोडते?

मैत्रिणींनो, रात्री अडीचला स्वयंपाकघरात भांडं वाजलं, की कपाळाला आठी पडते ना? माझ्याही पडायची. "दिवसा डुलक्या काढतात, मग रात्री जागतात," असं मी आमच्या सासूबाईंबद्दल खुशाल म्हणत असे.

पण दोष त्यांचा नव्हे. आपल्या मेंदूत खोलवर जागं ठेवणाऱ्या काही पेशी असतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांना २०२२ साली म्हाताऱ्या उंदरांत दिसलं, की या पेशी कमी होतात, पण उरलेल्या फार हळव्या बनतात. जराशा निमित्ताने चेततात आणि झोप तुटते. माणसातही असंच होत असावं. इथे मुळशीत पत्र्यावर पावसाची सर आली, की आपण नुसती कूस बदलतो. सासूबाई टक्क जाग्या!

मी तर शेजारणीकडची झोपेची गोळी त्यांना देणार होते. डॉक्टरांनी अडवलं. उतारवयात अशा गोळ्यांनी तोल जातो, भ्रम होतो. पडून खुब्याचं हाडही मोडतं. मनाने गोळी कधी देऊ नका.

त्याऐवजी एवढं करा. सकाळी अर्धा तास अंगणातल्या उजेडात बसवा. दुपारची झोप अर्ध्या तासाचीच, तीनच्या आत. संध्याकाळी चहा नको. रात्री मोरीच्या वाटेवर मंद दिवा ठेवा. घोरताना श्वास अडकत असेल, किंवा लघवीला वारंवार उठावं लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, "झोपा हो आता!" म्हणून रागावू नका. झोप काही हुकमाची चाकर नाही.