आठ इंचांच्या गाळ्यातून शंभर इंचांचं क्विल्ट

घरगुती शिलाई मशीनची सुई आणि उजवीकडचा उभा खांब यांच्यामध्ये साधारण ७-८ इंचांचा गाळा असतो. ब्लाउजला बाही जोडायला, पडद्याला दुमड घालायला तो पुरून उरतो. डबल बेडवर पसरायचं क्विल्ट मात्र साधारण ९० बाय १०० इंचांचं असतं. त्याला थर तीन: वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापसाची पातळ गादी, खाली अस्तर. हे थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून सगळीकडे टिपा घालायच्या, आणि त्यासाठी जवळजवळ अर्धं क्विल्ट त्या गाळ्यात कोंबायचं. अमेरिकेत हा उद्योग अनेक घरांत चालतो. तीन थरांतून सुई जाणं मशीनला जड नाही. खरी कसोटी लागते ती वजन सांभाळणाऱ्या माणसाची.

मशीन जुनं, मान उशिरा

आयझॅक सिंगरला शिलाई मशीनचं पेटंट मिळालं १८५१ मध्ये. एकोणिसाव्या शतकातच मशीनसोबत जे सुटे भाग मिळत, त्यांत समांतर टिपांसाठीची एक पट्टीही असे. म्हणजे मशीनवर क्विल्ट शिवणं नवं नाही. नवा आहे तो त्याला मिळालेला मान. १९७० च्या दशकात अमेरिकेत क्विल्टची आवड पुन्हा उसळली, तेव्हा खरं क्विल्ट हातटाक्यांचंच, असा दंडक होता.

तो न जुमानणाऱ्यांत नेब्रास्कातल्या डेव्हिड सिटीचे शेतकरी अर्नेस्ट हाइट होते. शिक्षणाने इंजिनिअर. बायकोने जोडलेल्या तुकड्यांचे कोपरे जुळत नाहीत, असं ते बोलून गेले आणि ‘मग तुम्हीच करून दाखवा’ हे आव्हान त्यांच्या गळ्यात पडलं. ते तुकडे जोडत आणि त्यांचे वडील हाताने टाके घालत. पुढे जोडलेली कापडं इतकी साठू लागली की हाइट यांनी टाक्यांचं कामही घरच्या मशीनवर घेतलं. १९७४ मध्ये त्यांनी या पद्धतीवर गृहिणींसाठी छोटी पुस्तिका काढली. १९८७ मध्ये हॅरिएट हारग्रेव्ह यांचं पुस्तक आलं. दिसणार नाही असा नायलॉनचा दोरा वापरून मशीनचं काम हातकामाच्या तोडीचं करता येतं, हे त्यांनी शिकवलं.

निर्णायक वर्ष १९८९. केंटकीतल्या पडुका शहरातल्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘कोरोना २ : सोलर एक्लिप्स’ या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथे हा मान मिळवणारं मशीनच्या टिपांचं ते पहिलंच क्विल्ट. हातकामवाल्यांनी बराच गदारोळ केला. पण त्यानंतर मशीनकाम म्हणजे पळवाट, असं म्हणणं अवघड झालं.

वळकटीचं गणित

या कामाचं यश मशीनसमोर बसण्याआधीच बरंचसं ठरतं. अस्तर जमिनीवर किंवा जोडलेल्या टेबलांवर ताणून चिकटपट्टीने पक्कं करतात, त्यावर कापूस आणि वरचं कापड अंथरतात. हाताने शिवायचं असेल तर कच्चे टाके चालतात. मशीनमध्ये ते कापड दाबणाऱ्या फुटाच्या टोकात अडकतात, म्हणून दर ३-४ इंचांवर सेफ्टी पिन लावतात. इथे आळस केला तर पालथ्या बाजूला चुण्या पडतात, आणि त्या दिसतात थेट शेवटी.

सुरुवात मध्यापासून. त्यामुळे थरांतला झोल कडेकडे सरकत जातो. पहिली टीप मधोमध घालताना ९० इंच रुंदीपैकी ४५ इंच मशीनच्या हाताखाली असतात. उजवी बाजू घट्ट गुंडाळून तिची वळकटी गाळ्यात बसवायची. मध्याकडून उजव्या कडेकडे जावं तशी ती बारीक होत जाते. कड आली की क्विल्ट फिरवून दुसरा अर्धा भाग घ्यायचा. म्हणजे सगळ्यात अवघड काम अगदी आरंभी येतं. काहीजण वळकटी न करता कापड नुसतं चुरगळून सुईभोवती गोळा करतात, कारण घट्ट गुंडाळी वळता वळत नाही.

सरळ रेघांसाठी ‘वॉकिंग फूट’ लावतात. साध्या फुटाखाली मशीनचे दाते फक्त खालचा थर ओढतात आणि वरचा मागे रेंगाळतो. हा फूट वरचा थरही बरोबर पुढे नेतो. वेलबुट्टीसाठी मात्र दाते खाली पाडून रफूचा फूट लावतात. मग टाका किती लांब पडेल ते मशीन ठरवत नाही. सुईचा वेग आणि हातांचा वेग यांचा मेळ ते ठरवतो. हात घाईत असले की टाके लांबतात, रेंगाळले की एका जागी गिचमिड होते. रबरी टोकांचे हातमोजे घातले की कापडावर पकड येते. एकमेकांना न छेदणाऱ्या नागमोडी वळणांची जाळी नवशिक्यांना सोपी जाते, कारण तिथे चुकलेलं वळण लपून जातं.

जमीन नसेल तर टेबल

आपली गोधडी जमिनीवर पसरून, तिच्यावरच बसून शिवतात. धावदोऱ्याची सुई पुढे सरकते, गोधडी जागची हलत नाही. तिचं ओझं जमीन पेलते. व्यावसायिकांचं लाँगआर्म मशीनही याच तत्त्वावर चालतं. १०-१२ फुटी चौकटीच्या रुळांवर क्विल्ट ताणलेलं असतं आणि मशीनचं डोकं त्यावरून फिरतं. घरच्या मशीनवर सगळं उलटं होतं. सुई जागेवर आणि क्विल्ट फिरतं, त्यामुळे ओझं खांद्यांवर येतं. टेबलावरून एक कोपरा लोंबला तरी तो कापड ओढत राहतो. टाके वेडेवाकडे पडतात, सुई वाकून खालच्या पत्र्यावर आपटते, कधी तुटतेही.

म्हणून अनुभवी माणसं मशीन टेबलात खाली बसवतात, म्हणजे त्याचा पत्रा आणि टेबल एका पातळीत येतात. डावीकडे आणि मागे आणखी टेबलं लावून क्विल्टला हवी ती जमीन तयार करतात. दुसरी तोड म्हणजे क्विल्टचे भाग पाडणं. दोन-तीन पट्टे सुटे शिवून शेवटी जोडतात, किंवा नुसता कापूस कापून मधला पट्टा आधी पुरा करतात. सांधे काळजीने झाकावे लागतात, पण गाळ्यात एका वेळी येणारं ओझं फार घटतं.

लाँगआर्मची किंमत लाखांच्या घरात जाते आणि ते ठेवायला स्वतंत्र खोली लागते. म्हणून अनेकजणी वरचं कापड स्वतः जोडून टिपांसाठी दुसऱ्याकडे देतात. तो सोयीचा मार्ग आहे. पण कोणत्या पाकळीभोवती दाट टिपा घालायच्या आणि कुठे कापूस फुगीर ठेवायचा, हे स्वतः ठरवायचं असेल तर घरचं मशीन पुरतं. मोठ्या गाळ्याचं नवं मशीन घ्यावं का, असं कोणी विचारलं तर आधी आहे त्या मशीनच्या डावीकडे एक टेबल ओढून पाहायला सांगावं. पुष्कळदा अडचण गाळ्याची नसते, आधाराची असते.