मेघाच्छादित आकाशातील उल्कांचे श्रवण

ययाती तारकासमूहाच्या दिशेने येणारा उल्कावर्षाव दरवर्षी १२-१३ ऑगस्टच्या सुमारास ऐन भरास येतो. स्विफ्ट-टटल या धूमकेतूने आपल्या कक्षेवर सांडलेल्या धूलिकणांतून पृथ्वी त्या वेळी जात असते. हा धूमकेतू १८६२ साली सापडला, सुमारे १३३ वर्षांत तो एक फेरा पूर्ण करतो आणि १९९२ साली तो सूर्याजवळ येऊन गेला. आकाश निरभ्र व अंधारे असेल आणि उद्गमबिंदू माथ्यावर असेल, तर तासाला शंभराच्या आसपास उल्का दिसाव्यात असा हा वर्षाव आहे. परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचा मुहूर्तच वाईट. श्रावणातील आकाश एक तर गच्च भरलेले असते किंवा मोकळे झाले तरी घटकाभरच. युरोपातील हौशी निरीक्षक ज्या वर्षावाची वर्षभर वाट पाहतात तो आपल्याकडे बहुधा ढगांच्या पाठीमागेच होऊन जातो.

ढगांच्या पाठीमागे, असे म्हणताना एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पावसाळी ढगांचे माथे फार तर १५ ते १८ किलोमीटर उंचीवर असतात, तर उल्का जळतात त्या ८० ते १२० किलोमीटरच्या पट्ट्यात. या दोहोंच्या मध्ये प्रकाशाला अटकाव आहे, पण रेडिओ तरंगांना नाही. म्हणून ज्याला वेध घ्यावयाचा आहे त्याने डोळ्याचे काम कानाकडे सोपवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. भाषाशास्त्राच्या पत्रिकेत तो कशासाठी, असे कोणी विचारील. या वेधातील मुख्य अडचण खगोलशास्त्राची नसून श्रवणाची आहे, हे त्याचे उत्तर होय.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. ययाती वर्षावातील कण सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो. वाळूच्या दाण्याएवढा असला तरी त्याच्या मार्गावरील वायूचे आयनीभवन होते आणि मुक्त विद्युत्कणांची एक लांब, बारीक रेघ क्षणभर उभी राहते. अतिउच्च कंप्रतेचे तरंग, म्हणजे ज्यांवर आपली एफ. एम. केंद्रे चालतात ते, सामान्यतः क्षितिजाच्या फारसे पलीकडे जात नाहीत. आयनांबरही त्यांना परत पाठवीत नाही. मात्र ही रेघ त्यांना आरशासारखी परावर्तित करते. शंभर किलोमीटर उंचीवरील बिंदू सुमारे अकराशे किलोमीटरवरून क्षितिजाशी दिसू शकतो. तेव्हा प्रक्षेपक आणि ग्राही यांच्यामध्ये दोन हजार किलोमीटरपर्यंत अंतर असले तरी मधल्या आकाशातील एक उल्का त्या दोहोंना जोडू शकते. एरवी जे केंद्र कधीच ऐकू येणार नाही ते क्षणभर ऐकू येते आणि रेघ विरली की पुन्हा खरखर सुरू होते.

रेघा दोन प्रकारच्या असतात. विरळ रेघेचा प्रतिध्वनी एकदम उमटतो आणि झपाट्याने क्षीण होतो. शंभर मेगॅहर्ट्झच्या आसपास त्याचे आयुष्य सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही कमी असते. तरंगलांबी दुप्पट केली तर ते चौपट होते, म्हणूनच जाणकार पन्नास मेगॅहर्ट्झच्या परिसरातील प्रक्षेपक पसंत करतात. बेल्जियममध्ये ४९.९७ मेगॅहर्ट्झवर केवळ याच कामासाठी एक प्रक्षेपक चालविला जातो. दाट रेघ ही मोठ्या कणाची. तिचा प्रतिध्वनी काही सेकंद, क्वचित मिनिटभरही, वरखाली होत राहतो.

या शास्त्राचा इतिहास सांगताना लोवेल आणि जॉड्रेल बँक यांचे नाव घेण्याची रीत पडली आहे, आणि ती अन्यायाची नाही. १९४६ च्या ऑक्टोबरातील जाकोबिनी-झिनर धूमकेतूचा वर्षाव तेथे रडारने मोजला गेला. पुढे १९४७ साली तेथेच दिवसा होणाऱ्या वर्षावांचा पत्ता लागला. जूनच्या पहिल्या पंधरवड्यातील मेष राशीचा वर्षाव त्यांतीलच. त्याचा उद्गमबिंदू सूर्याच्या इतका जवळ असतो की डोळ्याला तो जवळजवळ अगम्यच आहे. पण त्यापूर्वी, १९४१ साली, चमनलाल आणि वेंकटरमण या दोन भारतीय संशोधकांनी बंगलोरच्या ‘इलेक्ट्रोटेक्निक्स’ या नियतकालिकात ‘शीळ घालणाऱ्या उल्कां’विषयी निबंध लिहिला होता. लघुतरंग प्रक्षेपकाच्या वाहक तरंगावर अधूनमधून ऐकू येणारी उतरत्या स्वराची शीळ ही उल्केच्या गतीमुळे होणाऱ्या डॉप्लर परिणामाची आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते. हिशेब सोपा आहे. कंप्रता दहा मेगॅहर्ट्झ आणि उल्केचा आपल्या दिशेचा वेग सेकंदाला तीस किलोमीटर धरला, तर परतलेल्या तरंगाच्या कंप्रतेत दोन हजार हर्ट्झचा फरक पडतो. मूळ तरंग आणि परतलेला तरंग एकत्र आले की हा फरकच स्वर होऊन कानी पडतो. आणि उल्का आडवी होत गेली की आपल्या दिशेचा वेग घटून स्वर खाली उतरतो. आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत हा निबंध आढळत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता घरी करावयाचे काय? चांगला एफ. एम. ग्राही आणि शक्य तर बाहेर बसविलेले, दोन-चार दांड्यांचे आकाशक एवढे साहित्य पुरे. जवळपासचे एकही केंद्र जीवर नाही, परंतु पाचशे ते पंधराशे किलोमीटरवरील एखादे सामर्थ्यवान केंद्र जीवर आहे, अशी कंप्रता शोधून तेथे थांबावयाचे. मोठ्या शहरात अशी रिकामी जागा मिळणे कठीण. तालुक्याच्या गावी हे काम सोपे. पूर्वी दूरचित्रवाणीच्या खालच्या पट्ट्यातील प्रक्षेपक या कामी फार उपयोगी पडत, परंतु अनेक देशांत ते बंद झाले आहेत. ज्यांच्याकडे संगणकाला जोडावयाचा लहानसा ग्राही आहे त्यांना प्रतिध्वनी कागदावर उतरावेत तसे पडद्यावर पाहता येतात. ययातीचा उद्गमबिंदू पुण्याच्या क्षितिजावर रात्री दहाच्या सुमारास येतो आणि सकाळी सहा-साडेसहाला, म्हणजे सूर्योदयाच्या सुमारास, सर्वांत उंच, पन्नास अंशांवर असतो. डोळ्याने पाहणाऱ्याला नेमके तेव्हाच थांबावे लागते. कानाला तसे बंधन नाही.

येथून आपल्या विषयाचा भाग सुरू होतो. खरखरीतून अकस्मात जे बाहेर येते ते पुष्कळदा बोलणे असते, आणि एफ. एम. ग्राहीचा स्वभाव असा की प्रबळ संकेत मिळताच खरखर पार दबते व शब्द स्वच्छ ऐकू येतो. सामान्य बोलण्यात सेकंदाला चार ते सात अक्षरे उच्चारली जातात. तेव्हा विरळ रेघेच्या वाट्याला एक अक्षरही पुरते येत नाही. दाट रेघेच्या वाट्याला शब्द, फार तर वाक्यांश येतो. तेवढ्यावरून केंद्र कोणते, निदान भाषा कोणती, हे ठरविण्याचा मोह अनावर असतो. तेलुगू म्हणावे तर शब्द स्वरान्त होता. गुजराती म्हणावे तर ‘छे’ ऐकू आले. भाषेच्या अभ्यासकाला हा खेळ फार गोड वाटतो, आणि त्याने सावध राहावयाचे ते नेमके येथेच.

१९७० साली रिचर्ड वॉरेन यांनी केलेला प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. एका इंग्रजी वाक्यातील ‘लेजिस्लेचर्स’ या शब्दामधील ‘स’ काढून टाकून तेथे खोकला घातला. श्रोत्यांना ‘स’ गाळलेला जाणवला नाही, आणि खोकला नेमका कोठे आला हेही त्यांना सांगता येईना. कान अपुऱ्या ध्वनीवर थांबत नाही. अपेक्षेने तो पुरा करतो. पूर्ण वाक्यात ही गत, तर अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यात काय होईल? हैदराबादच्या केंद्राची वाट पाहत बसलेल्याला तेलुगू ऐकू येईल, आणि मध्यरात्री तीन वाजता पेंगुळलेल्याला खरखरीतही शब्द ऐकू येतील. म्हणून भाषेची ओळख हा पुरावा धरू नये. ऐकलेला तुकडा प्रथम जसा ऐकला तसा, शक्य तर ध्वनिलिपीत, टिपून ठेवावा, आणि त्या केंद्रावर त्या वेळी काय चालले होते हे नंतर पाहावे. क्रम उलटला की नोंद निरुपयोगी होते.

मोजणीपुरता तरी कानापेक्षा ध्वनिलेख विश्वसनीय. उच्चार दृश्य करणारे ‘साउंड स्पेक्ट्रोग्राफ’ हे यंत्र बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि ‘व्हिजिबल स्पीच’ हा ग्रंथ १९४७ साली निघाला. उल्का आणि रेडिओ यांचा संबंध तपासणारे स्केलेट हेही १९३० नंतरच्या वर्षांत त्याच प्रयोगशाळेत काम करीत होते. ज्याने स्फोटक व्यंजनाची उभी रेघ आणि स्वराचे आडवे पट्टे वाचण्याचा सराव केला आहे त्याला उल्कांचा लेख वाचावयास नव्याने शिकावे लागत नाही. विजेचा कडकडाट हा स्फोटासारखा, सर्व कंप्रतांना छेदणारी उभी रेघ. विमानावरून आलेले परावर्तन हे सावकाश तिरपे सरकणारे, अनेक सेकंद टिकणारे. उल्केचा प्रतिध्वनी वाहक कंप्रतेवर आखूड, ठळक डागासारखा उमटतो, आणि क्वचित त्याच्या आरंभी तीव्र उताराची बारीक शेपटी असते. चमनलाल-वेंकटरमण यांची शीळ ती हीच. पावसाळ्यात विजेचा उपद्रव फार, म्हणून हा भेद करता आला नाही तर सारी मोजणी पाण्यात जाते. आयनांबराच्या ई-थरात अकल्पित दाट ढग जमले अथवा हवेच्या थरांत उलटे तापमान झाले, तर दूरचे केंद्र मिनिटेच्या मिनिटे, कधी तासन्‌तास ऐकू येते. ती रात्र सोडून द्यावी.

राहिला प्रश्न अर्थनिर्णयाचा. रात्रभरात चारशे प्रतिध्वनी मोजले म्हणजे वर्षाव सिद्ध झाला असे नाही. तुरळक उल्का बाराही महिने पडतात, आणि पहाटे सहाच्या सुमारास त्या सर्वांत अधिक असतात. कारण तेव्हा आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूस असतो. संध्याकाळी सहाला त्या सर्वांत कमी. म्हणून १२ ऑगस्टच्या पहाटेची तुलना त्याच दिवसाच्या संध्याकाळशी न करता ५ आणि २० ऑगस्टच्या पहाटेशी करावी, तीही तोच ग्राही, तीच कंप्रता आणि आकाशकाची तीच दिशा ठेवून. शिवाय रेघ योग्य कोनात असेल तरच परावर्तन आपल्याकडे येते, त्यामुळे उद्गमबिंदू जितका उंच तितके प्रतिध्वनी अधिक, हा डोळ्याच्या वेधातील नियम येथे लागू पडत नाही. ययातीचे कण वेगवान असल्याने ते फार उंचावर जळतात, तेथे रेघ जन्मतःच रुंद असते आणि लहान कणांचे प्रतिध्वनी त्यामुळे निसटतात. मिथुन वर्षावाचे कण सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात. त्यांच्या बाबतीत ही उणीव कमी, आणि १४ डिसेंबरला आपले आकाशही बहुधा स्वच्छ असते. त्या रात्री डोळा आणि ग्राही दोन्ही एकत्र चालवावेत, दिसलेल्या व ऐकलेल्या उल्कांच्या वेळा सेकंदापर्यंत टिपाव्यात, आणि मगच पुढील श्रावणातील केवळ ऐकलेल्या आकड्यांकडे वळावे.