पहिल्या फटक्याआधी

टेनिसपटूचे शरीर कोर्टवर पाऊल ठेवताच खेळाला सज्ज होत नाही, कारण स्नायूंचे तापमान वाढल्यावरच त्यांचे आकुंचन वेगाने होऊ लागते आणि सांध्यांतील सायनोव्हियल द्रव, म्हणजे तेथील नैसर्गिक वंगण, हालचालीमुळेच नीट पसरतो. म्हणून सरावपूर्व क्रमाची सुरुवात हलक्या धावण्याने किंवा दोरीवरच्या उड्यांनी करून पुढे गतिमान ताण, म्हणजे एका स्थितीत न थांबता सांधा फिरवत ठेवणारे व्यायाम, घेतले जातात. स्थिर ताण मिनिटाहून अधिक काळ धरल्यास स्नायूंची ताकद तात्पुरती घटू शकते, त्यामुळे तो सरावानंतर केलेला बरा.

खांद्याची गोष्ट वेगळी. सर्व्हिस करताना वेगाने पुढे झेपावलेल्या हाताला आवर घालण्याचे काम खांद्याच्या मागील बाजूचे लहान स्नायू करतात, आणि त्यांच्या तयारीसाठी जाळीच्या खांबाला रबरी पट्टा बांधून, काटकोनात वाकवलेले कोपर बरगड्यांशी टेकवून, पंजा सावकाश बाहेरच्या बाजूला नेला जातो. दिसायला किरकोळ असल्याने घाईत नेमका हाच व्यायाम गाळला जातो. त्यानंतर दोघे खेळाडू सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे जाळीपासून ६.४० मीटरच्या आत, हळुवार फटके मारत चेंडूचा अंदाज घेतात.

शरीराबरोबर मनाचीही तयारी लागते. टेनिसपटू राफाएल नदाल सामन्यात पाण्याच्या बाटल्या ठरावीक दिशेने मांडत असे; त्याने स्नायू अर्थातच तापत नाहीत, पण ओळखीची कृती चित्त स्थिरावण्यास मदत करते. सरावपूर्व क्रमाचा कालावधी मात्र प्रत्येकाने स्वतः पारखून ठरवायचा असतो, आणि थंडीतल्या पहाटे तो वाढवावाच लागतो.